मोहापर्यंतची भिंत

१८ नोव्हेंबर १९३४, रविवार

सावरपाड्याला पोचलो एकदाचे. नंदुरबारला आगगाडीतून उतरल्यापासून जीव मेटाकुटीला आला. प्रकाशाला तापीतून होडी, शहाद्यापुढे बैलगाडी, आणि घाट लागल्यावर घोडं. घोडं एकच मिळालं, त्यावर फिलू आणि लगाम धरून मी. "आपल्या लग्नात घोडा नव्हता, ती हौस आज फिटली," मी म्हणालो. "फिटली, पण वर नवरी बसली," ती म्हणाली. घोडेवाला, इकडचा पवरा भिल्ल, खदखदून हसला. त्याला काय कळलं देव जाणे.

तिने यायला नको होतं, हे मी इथे लिहून ठेवतो. चौदा वर्षांत तीनदा पोटातलं गेलं. या खेपेला वसईचे डॉक्टर म्हणाले, अंथरुणातून उठायचं नाही. फिलू म्हणाली, निजून निजूनच तिन्ही गेली, आता जरा हिंडून बघते. तिच्यापुढे माझं कधी चाललंय? नाताळ झाला की तिला माहेरी पोचवायचं ठरलं आहे. दिवस एप्रिलात भरतील.

फादर योहान मिशनच्या झोपडीबाहेर उभे होते. स्विस माणूस, उंच, दाढीत अर्धा चेहरा बुडालेला. मराठी पोथ्यांतून शिकले आहेत. मला म्हणाले, "इनास तुस्कानो, आपली भार्या कुशल आहे ना?" फिलूने तोंडाला पदर लावला तो आत जाईपर्यंत काढला नाही.

३ डिसेंबर

जागा छान आहे. टेकाडावर देऊळ येणार, मागे दफनभूमी, दफनभूमीला कमरेएवढी दगडी भिंत. हे माझं चौथं देऊळ. एप्रिलात, ईस्टरनंतरच्या रविवारी, बिशप येऊन आशीर्वाद देणार, तेव्हा त्याआधी सगळं उभं पाहिजे. फादरांनी नकाशा मांडीवर घेऊन पाहिला. भिंतीबाहेर उत्तरेला मी ठिपक्यांची पट्टी काढली आहे, बाप्तिस्मा न होता गेलेल्या मुलांसाठी. ती मला सांगावी लागत नाही, प्रत्येक नकाशात हात आपसूक काढतो. पट्टीच्या पलीकडे एक जुनं मोहाचं झाड आहे. ते गावच्या कारभाऱ्याचं, रेवजींचं. इकडे जमीन कोणाची का असेना, मोहाच्या झाडाला मालक असतो.

कामाला माणूस मिळेना. रोजावर बोलावलेले दुपारी जेवायला गेले ते गेलेच. मी चडफडत होतो. हिलाल मिस्त्री, माझा रनाळ्याचा गवंडी, विडी शिलगावत म्हणाला, "साहेब, आठे रोजनं काम नही चालत. आठे लाह ऱ्हास."

लाह म्हणजे असं: एखाद्याला घर बांधायचं असलं की सारा गाव येऊन राबतो, पैसा घेत नाही, संध्याकाळी जेवतो. पुढे ज्याच्या घरी काम निघेल तिथे त्यानेही जायचं. फादर आणि मी रेवजींकडे गेलो, त्यांची भाषा सांगायला हिलाल. साठीचा कोरडा, काटक माणूस. म्हणाले, "देवाचं घर आहे, तर गाव येईल. पण आमच्या लाहला तू येशील ना?" ते सगळ्यांनाच तू म्हणतात, फादरांनाही. मी म्हणालो, येईन की. बोलायला काय जातं!

२६ डिसेंबर

नाताळ झाला. छप्पर नसलेल्या देवळात मिस्सा. गाव सगळा बघायला आला आणि प्रवचन संपायच्या आत निम्मा उठून गेला.

रेवजींची बायको दिवलीबाई इथली सुईण आहे. ती रोज येते आणि फिलूच्या पोटाला कान लावून बसते. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी तासन्‌तास बोलतात. तिने फिलूच्या दंडाला काळा दोरा बांधला. फादर दिसले की फिलू पदराने दंड झाकते.

मी खाली जायचा विषय काढला. घोड्यावर आता बसवणार नाही, डोली करावी लागेल. दिवलीबाईने घाटाकडे बोट दाखवून जोरजोरात मान हलवली. म्हणजे हलवू नका. फिलूचीही इच्छा नाही. "इथे चौथा महिना गेला, पाचवा गेला," म्हणाली, "जागा लाभली म्हणायची." मी फार जोर केला नाही. खरं सांगायचं तर ती संध्याकाळी दारात बसलेली दिसली की मला बरं वाटतं.

२२ जानेवारी १९३५

सागाच्या तुळया वर चढायला लागल्या. हिलालने कमानीचा एक दगड उलटा बसवला होता, त्यावरून आमचं जुंपलं. संध्याकाळी तो फिलूकडे चहा प्यायला आला आणि माझ्याचसमोर माझी तक्रार तिला सांगून गेला.

फिलूने मुलाच्या टोपड्याला लेस लावली. मी विचारलं, मुलगी झाली तर? म्हणाली, "तर तिलाही डोकं असेलच."

६ फेब्रुवारी

मुलगी झाली होती.

१० फेब्रुवारी

लिहितो. लिहिलं नाही तर मला वेड लागेल.

बुधवारी आढं चढवत होतो. सगळा गाव दोर ओढत होता, मी वर परांचीवर उभा राहून ओरडत होतो. फादर तोरणमाळला एका आजाऱ्याकडे गेले होते. झोपडी तिथून हाकेच्या अंतरावर आहे. माझं ओरडणं आत फिलूला ऐकू येत असणार. तिचं ओरडणं मला ऐकू आलं नाही.

दुपारी खाली उतरलो तर दिवलीबाई दारात उभी. हाताने खूण केली, आता ये. आत फिलू बेशुद्ध, आणि फडक्यात मुलगी. एवढीशी. सगळं होतं तिला, नखंसुद्धा. श्वास नव्हता.

हिलालला बोलावून विचारायला लावलं. दिवलीबाई म्हणाली, जिवंत झाली, रडली. चुलीवरचं पाणी उकळून निवायला लागतं तेवढा वेळ होती. मी हिलालला म्हणालो, विचार तिला, मला हाक का मारली नाहीस? तिला प्रश्नच कळेना. बाळंतिणीच्या खोलीकडे पुरुषाला हाक मारायची नसते. तसं केलं तर आईचा जीव जातो. तिने आईचा जीव राखला होता.

ओंजळभर पाणी आणि एक वाक्य. एवढाच असतो बाप्तिस्मा. पाद्री लागत नाही, कोणीही देऊ शकतो. मी हाकेच्या अंतरावर होतो.

दिवलीबाईवर हात उगारायचा राहिला, एवढंच. तिने फिलूला वाचवलं हे मला कळतं. पण तिच्याकडे मला बघवत नाही.

मुलीला मीच नेलं. दिवलीबाई पुढे चालत होती. इकडे मोठ्या माणसांना जाळतात, लहानांना पुरतात. मी विचार केला नाही, नकाशा पाहिला नाही, पाय आपोआप जिथे भिंत यायची होती त्याच्या बाहेर पडले. दिवलीबाईने मोहाखाली जागा दाखवली आणि स्वतः खणलं.

१३ फेब्रुवारी

फादर आले. माझ्याशेजारी बसले. मग म्हणाले, तिला दुःख नाही, इनास, वेदना नाही, फक्त देवाचं दर्शन नाही. हे मला लहानपणापासून पाठ आहे. मी म्हणालो, हो फादर. त्यांनी विचारलं, कुठे पुरलंत? मी म्हणालो, बाहेर. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. बाहेर हा शब्द उच्चारताना मला स्वतःचीच लाज वाटली.

२ मार्च

फिलू हिंडायला लागली. बोलत नाही फारशी. टोपडं कुठे ठेवलं मला माहीत नाही, मी विचारत नाही.

आज दफनभूमीची आखणी केली. खुंट ठोकले, दोरी ताणली. फिलू आपणहून आली आणि म्हणाली, टेपचं टोक मी धरते. चौदा वर्षांत तिने माझ्या कामात कधी डोकावलं नव्हतं, माझ्या नकाशांवर तिने पापड वाळत घातलेत. आज बारीकसारीक विचारत होती. हा खुंट कशाचा? भिंत नक्की इथूनच का? चार हात पुढे गेली तर देवळाला काही होतं का? मी म्हणालो, देवळाला काय होणार, दगड जास्त लागतील. तिने मान हलवली.

मला फार बरं वाटलं. माणूस कामात रमलं की दुःख हळूहळू सुटतं. तिला लेव्हल कशी बघायची तेही शिकवावं म्हणतो.

९ मार्च

फिलू रोज येते. पहाटे नदीवर जाते, येताना कामावरून चक्कर मारून येते. चेहऱ्यावर थोडा रंग आला आहे.

हिलाल सकाळी म्हणाला, "साहेब, खुंट सरकेल शे. काल दोरी ताणेल व्हती, आज ढिली पडनी." उत्तरेचा कोपऱ्याचा खुंट वीतभर बाहेर गेला होता. मी म्हणालो, ढोरांनी पाडला असेल. पुन्हा जागेवर ठोकला.

१३ मार्च

पुन्हा तेच. तोच खुंट, त्याच दिशेला. या वेळी मी बाभळीच्या काट्या आणून भोवती लावल्या. हिलाल म्हणाला, "ढोरं खुंट उपाडतीन साहेब. पन उपाडीसन परत सरळ ठोकाले त्यास्ले हात शेतस का?"

म्हणजे माणूस. आणि उत्तरेला मोहापाशी कोणाचं काय आहे, हे सगळ्यांना ठाऊक आहे. रेवजींना भिंत नको असेल तर तोंडावर सांगावं. मिशनला जागा द्यायची आणि मग खुंटाशी खेळायचं, ही कुठली रीत?

फिलूला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "रेवजी असं करणार नाहीत." मी म्हणालो, तू माणसं ओळखतेस फार! ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

२३ मार्च

होळीत कामाला कोणी नव्हतं. रोज डोंगरात ढोल. फादर वैतागले, मी झोपलो नाही. आज सगळे परत आले, आणि खुंट पुन्हा हललेला. काट्या तशाच, नीट बाजूला काढून परत ठेवलेल्या.

माझा तोल गेला. माणसं दगड वाहत होती, त्यांच्यासमोर मी रेवजींना म्हणालो, की दगड द्यायला येता आणि जमीन चोरून नेता. आणखीही बोललो. तुमच्या बायकोने एक घास घेतला तो पुरला नाही का, असं काहीतरी. तोंडातून निघून गेलं. हिलालने ते त्यांच्या भाषेत सांगायला नकार दिला, पण सांगायची गरज पडली नाही.

रेवजींनी हातातला दगड खाली ठेवला. अगदी हळू, जणू तो फुटेल. म्हणाले, "या डोंगरात माती कमी आहे काय, तुझी वीतभर चोरायला?" आणि चालायला लागले. त्यांच्यामागे सगळे. दुपारपर्यंत टेकाडावर हिलाल, मी आणि दगड.

हिलाल म्हणाला, "मी काय बोलू साहेब. तुम्ही एकदाव घरमा इचारी देखा." घरात काय विचारायचं? घरात फिलूच आहे.

२४ मार्च

मूर्ख आहे मी. शिकलेला, चार देवळं बांधलेला मूर्ख.

काल संध्याकाळी दिवलीबाई आली नाही. फिलू दारात तिची वाट बघत बसली होती. मी झालेलं सगळं सांगितलं, रागारागाने, बाजू मांडत. दिवलीबाईबद्दल काय बोललो तेही सांगितलं. फिलू उठून उभी राहिली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"त्यांना का बोललात? खुंट मी हलवले."

मला वाटलं ती भ्रमात बोलते आहे.

"नदीवरून येताना. रोज वीतभर. एकदम हलवला असता तर तुम्हाला कळलं असतं. मोहापर्यंत न्यायचा होता फक्त. भिंत झाली असती, बिशप आले असते, पाणी शिंपडलं असतं, आणि ती आत आली असती. कोणाला काही कळलं नसतं."

"मला सांगायचंस तरी, फिलू."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला नियम सांगितला असता."

तेच केलं असतं मी. टेपचं टोक धरून ती काय विचारत होती, ते मला आत्ता ऐकू येतंय. मी तिला लेव्हल शिकवणार होतो!

ती रडली, तेव्हापासून पहिल्यांदा. मीही रडलो. आजवर तीन देवळांभोवती मी ती ठिपक्यांची पट्टी काढली. त्या पट्ट्यांत कोणाकोणाच्या मुली असतील, हे एकदाही मनात आलं नाही.

२७ मार्च

रेवजींकडे सोमवारी गेलो. ते अंगणात बसले होते, त्यांनी बस म्हटलं नाही. मी पाया पडायला वाकलो तर पाय मागे घेतले. माफी मागितली, खुंट कोणी हलवले ते सांगितलं. हिलाल एकेक वाक्य त्यांच्या भाषेत सांगत होता आणि मधेच स्वतः डोळे पुसत होता. दिवलीबाई आत चुलीपाशी होती. ती बाहेर आली नाही, पण भाकरी थापायचा आवाज थांबला.

रेवजी म्हणाले, "तू बोलला होता लाहला येशील. उद्या माझ्या पोराचं घर आहे."

मंगळवारी गेलो. दिवसभर बांबू चिरले, कुडाला शेण-माती लिंपली. हाताची सालटी निघाली. माझं लिंपण एका म्हातारीने खरवडून काढलं आणि पुन्हा केलं, सगळ्या बायका हसल्या. संध्याकाळी त्यांच्या पंगतीत बसलो. दिवलीबाईने माझ्या पानात डाळ वाढली आणि क्षणभर थांबली. मी वर बघून हात जोडले. तिने आणखी एक पळी वाढली.

जेवणं झाल्यावर मी रेवजींना विचारलं. मोह भिंतीच्या आत घेऊ द्याल का?

ते झाडाच्या दिशेने वळले. मग म्हणाले, घे. पण फुलं आमच्या सुना वेचतात, त्यांना जायला वाट ठेव. मी म्हणालो, भिंतीत खिंड ठेवतो, फाटकाशिवाय. आज सकाळी सगळा गाव पुन्हा टेकाडावर आला.

१ एप्रिल

फादरांशी बोललो. त्यांना सगळं ठाऊक होतं, हिलालने कधीच सांगितलं होतं. मी म्हणालो, मी फक्त भिंत पुढे नेतो आहे. अजून जमीन आशीर्वादित नाही, माती ती मातीच.

"आणि बिशप आल्यावर?"

मी नकाशाची घडी घालायला लागलो.

"बाप्तिस्म्याशिवाय आशीर्वादित जमिनीत जागा नाही, इनास. हा नियम मी केला नाही. मी तो फक्त वाहतो. माझ्या गावी माझ्या आईची दोन मुलं भिंतीबाहेर आहेत."

हे त्यांनी आजवर कधी सांगितलं नव्हतं. पोथीतली मराठी त्या वेळी कुठेच नव्हती. मी म्हणालो, फादर, मी भाऊ म्हणून विचारतो. ते उठून खिडकीपाशी गेले आणि पाठमोरे बोलले.

"भिंत तुमची, इनास. क्रूस माझे."

मला लगेच कळलं. आशीर्वादाच्या दिवशी दफनभूमीच्या कोपऱ्यांत आणि मधोमध लाकडी क्रूस रोवतात. बिशप क्रुसाक्रुसापाशी जातात, पाणी त्यांच्या आतच शिंपडतात. भिंत कुठेही असो, क्रुसांबाहेरची माती बाहेरचीच. फादर क्रूस मूळ नकाशाप्रमाणे रोवणार.

"फिलूला सांगू नका," मी म्हणालो.

"मला कोणी विचारलं तर मी खोटं बोलणार नाही."

"ती तुम्हाला विचारणार नाही."

१४ एप्रिल

आज झावळ्यांचा रविवार. इथे झावळ्या नाहीत, सगळ्यांनी आंब्याच्या डहाळ्या धरल्या. भिंत मोहाला वळसा घालून पुरी झाली. हिलालने त्या कोपऱ्यात सगळ्यात चांगले दगड लावलेत, मला न विचारता.

फुलं गळायला लागली आहेत. पहाटे रेवजींच्या सुना टोपल्या घेऊन खिंडीतून आत येतात आणि वेचताना अखंड बडबडतात, हसतात, भांडतात. फिलू जाऊन त्यांच्यात बसते. आज मीही गेलो. त्या बायका सगळीकडची फुलं वेचतात, पण तेवढ्या जागेवरची उचलत नाहीत. मी खुणेने दिवलीबाईला विचारलं, ती का ठेवली? तिला मराठीतले दोन शब्द येतात, ते दोन्ही तिने वापरले. "ती तिची."

मी कामाला निघून गेलो. मला तिथे उभं राहवेना.

२८ एप्रिल

बिशप आले, दिवस पार पडला. देऊळ सुरेख दिसलं, सगळ्यांनी माझं कौतुक केलं. फादरांनी क्रूस काल स्वतः रोवले, कोणाला हात लावू दिला नाही. बिशप एकेका क्रुसापाशी थांबत, लॅटिनमध्ये प्रार्थना म्हणत, पाणी शिंपडत फिरले. उत्तरेच्या कोपऱ्यात मोहाच्या अलीकडे वळले. फादर त्यांच्यामागे मान खाली घालून चालत होते. मोहाच्या बुंध्यापासून बिशपांच्या पायापर्यंत जेमतेम चार हातांचं अंतर होतं. मला वाटलं, वारा तरी यावा, थेंब तरी उडावा. वारा नव्हता.

फिलू बायकांच्या गर्दीत लांब उभी होती. तिथून तिला दिसलं नसणार.

घरी आल्यावर तिने भात वाढता वाढता विचारलं, "पाणी मोहापर्यंत गेलं ना?"

"गेलं."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं. मुळांवर पडलं."

बोटभर चूक झाली तर मी हिलालला दिवसभर बोलतो. आज आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं मी भाताचा घास हातात धरून बोललो आणि माझा आवाजसुद्धा हलला नाही. तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि वरण वाढलं. निवांत झोपली. तिची समजूत पटली, देवाची कृपा. हे ओझं माझ्यापाशीच राहील.

४ मे, नंदुरबार

गाडी यायला वेळ आहे, म्हणून फलाटावर बसून लिहितो.

परवा सावरपाडा सोडलं. फादरांनी फिलूच्या डोक्यावर हात ठेवला. हिलाल तापी ओलांडेपर्यंत सोबत आला. फिलू निघायच्या आधी मोहाखाली दिवलीबाईबरोबर बसली होती. मी विचारलं, काय बोललीस? म्हणाली, "काही नाही. वर्षातून एकदा फुलं पडतील तेव्हा बायकांना मोठ्याने बोलू द्या म्हटलं."

आज सकाळी तापी ओलांडली. पाणी उतरलं आहे, होडी वाळूला घासत चालली होती. मध्यावर आलो तेव्हा फिलू म्हणाली, "उत्तरेचा क्रूस मोहाच्या अलीकडे होता."

मी पाण्याकडे बघत राहिलो.

"फादरांनी तो जुन्या खुंटाच्या भोकातच रोवला. ते भोक मी माझ्या हाताने बुजवलं होतं. मला ती जागा ओळखू येणार नाही?"

कसाबसा म्हणालो, "मग त्या दिवशी मला विचारलंस कशाला?"

ती हात पाण्यात सोडून बसली होती.

"कोणीतरी तिच्यासाठी हो म्हणायला हवं होतं," ती म्हणाली. "फादर म्हणू शकत नव्हते. बिशपना ती आहे हेच ठाऊक नाही. तिचा बाप म्हणाला. मला तेवढं पुरलं."

चौदा वर्षांत मला कोणी बाप म्हटलं नव्हतं. मी होडीवाल्यासमोर, हिलालसमोर, तोंड झाकून रडलो. फिलूने ओला हात माझ्या पाठीवर ठेवला आणि काठ येईपर्यंत काढला नाही. मग ती उतरली, सामान उतरवून घेतलं, आणि आम्ही बैलगाडीत बसलो.